बकुळाच्या अठरा पुतळ्या

आमच्या घरात सोनं कधीच नव्हतं, पण सोन्याची गोष्ट होती. डिलाईल रोडच्या चाळीतल्या आमच्या खोलीत बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींखाली माझ्या आजीचा, बकुळाचा, लग्नाआधीचा फोटो लावलेला असायचा. अठरा वर्षांची पोरगी, फोटोग्राफरने सांगितली तशी मान वळवून बसलेली, आणि गळ्यात पुतळ्यांची माळ.

हाच फोटो दाखवून आजोबांशी तिचं लग्न ठरलं. माळ माहेरी आईकडे ठेवलीय, असं ती सासरी सांगायची. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली आणि आजोबा गावी मजुरीला गेले. माझे बाबा, विकास, तेव्हा नववीत होते. त्यांना शाळेतून काढून कामाला लावायचं ठरत होतं, तेव्हा आजीने माळ मोडायला घेतली. महिन्याला एक पुतळी विकायची आणि घर चालवायचं. दीड वर्षात अठरा पुतळ्या गेल्या. बाबा दहावी झाले, पुढे विमा कंपनीत लागले, आणि गेल्या वर्षी मुदतीआधीच निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी हीच गोष्ट सांगितली आणि माइकसमोर रडले. विहारातही सांगतात, पाहुण्यांनाही सांगतात. मी ती झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

गोष्टीला एक शेपूटही होतं. दीक्षा घेतल्यापासून आजोबांनी घरात नियम केला होता, की या घरातलं कुणी दुसऱ्याच्या दारात झाडू धरणार नाही. उपाशी राहू, पण ते नाही. आजोबा भयंकर तापट होते. मी त्यांच्यावर गेलेय, असं सगळे म्हणतात आणि ते खरं आहे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मला दक्षिण मुंबईतल्या एका म्युझियममध्ये इंटर्नशिप मिळाली. लालबागमधल्या बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओचे जुने फोटो म्युझियमने घेतले होते. सुती हातमोजे घालायचे, फोटो उचलायचा, मागेपुढे जे दिसेल ते नोंदवहीत पेन्सिलीने लिहायचं. विभागप्रमुख ललिता मॅडम दादरच्या. शिस्तीच्या, पण शिकवायच्या मनापासून. फोटो आधी कडांकडून बघ, चेहरा सगळ्यात शेवटी, हे मी त्यांच्याकडून शिकले.

त्या गठ्ठ्यात तेवीस बायका एकच माळ घालून बसल्या होत्या. मॅडमचा निष्कर्ष असा, की हे एखादं सधन घराणं, आणि माळ सासूकडून सुनेकडे, सुनेकडून नातीकडे गेलेली. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, माळ स्टुडिओची असेल तर?

"कोट द्यायचे, टाय द्यायचे, प्लास्टिकची फुलंसुद्धा द्यायचे," मॅडम म्हणाल्या. "सोनं कोण देतं, संघमित्रा?"

मला पटलं. प्रदर्शनाचं नाव ठरलं 'एक माळ, एक घराणं'. शुक्रवारी उद्घाटन, गुरुवारी पाच वाजता पाट्या छपाईला जाणार, आणि खाली संशोधन साहाय्यक म्हणून माझं नाव.

बुधवारी दुपारी मी एक फोटो स्क्रीनवर मोठा करून तपासत होते. माळेतली डावीकडची तिसरी पुतळी खालून वाकलेली दिसली. दुसरा फोटो उघडला, त्यातही तीच. पुतळ्यांच्या माळा सगळ्या सारख्याच दिसतात, पण ती वाकलेली पुतळी मी लहानपणापासून दर रविवारी आजीच्या फोटोच्या काचेवरून फडक्याने पुसत आले होते.

मोबाइलमधला आजीचा फोटो मी मॅडमपुढे धरला. त्यांनी भिंगातून बराच वेळ बघितला.

"तुझी आजी कदाचित त्या घरात कामाला असेल," त्या सहज म्हणाल्या. "फोटोपुरती दिली असेल त्यांनी माळ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आमच्या घरातलं कुणी कुणाच्या घरी कामाला नव्हतं, मॅडम."

"मग पुरावा आण. उद्या पाचपर्यंत मी पाटी अडवून धरते. पण अंदाजावर बदलणार नाही."

त्या बरोबरच बोलत होत्या, म्हणून मला जास्त राग आला. आणि जिना उतरताना खरी भीती कळली. माळ त्या घराण्याची नसेल तर ती स्टुडिओची. स्टुडिओची असेल, तर आजीने विकलं काय? मी तोंड उघडलं तर बाबांची गोष्ट मोडणार होती. गप्प बसले तर खोट्या पाटीखाली माझं नाव लागणार होतं.

घरी आजी एकटीच सुकट निवडत बसली होती. बाबा विहारात मीटिंगला गेले होते. मी तिला तेवीस बायकांचं सांगितलं. माळेला काय झालंय ते मुद्दामच सांगितलं नाही.

आजीचे हात थांबले. "डावीकडची तिसरी वाकडी हाय ना?"

मी नुसती मान हलवली.

"मीच वाकवली. खरं सोनं हाय का बघायला अंगठ्यानं दाबली, तर पत्र्याची निघाली. फोटोवाल्या अप्पानं बघितलं नाय म्हणून वाचले. आरशामागं खिळ्याला टांगलेली असायची गं. जी येईल तिच्या गळ्यात."

"मग संपात तू विकलंस काय?"

"तुझ्या म्युझियमला ते पायजे?"

"नाही."

"मग इचारू नको. फोटो ने तू. तुझ्या बापाला मी सांगते."

रात्री जेवताना बाबांनी भिंतीवरची मोकळी जागा बघितली. "आई, फोटो कुठाय?"

"काच बदलायला दिलाय," आजी म्हणाली आणि त्यांना भात वाढला.

गुरुवारी सकाळी मी मॅडमच्या टेबलावर तसबीर ठेवली आणि आजीला फोन लावून दिला. माळेत काही खोट होती का, एवढंच मॅडमनी विचारलं. कुठली पुतळी, कुणी वाकवली, आरशामागचा खिळा, सगळं आजीने सांगितलं. फोन ठेवून मॅडमनी पाटीचा कागद पुढे ओढला. मग पाटीवरचं नाव पेनाने खोडून त्यांनी 'आरशामागची माळ' असं लिहिलं.

"कामाला असेल म्हटलं ते चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. मी 'असू दे' म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. राग गेला नव्हता.

शुक्रवारी चार वाजता बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आजीला टॅक्सीतून घेऊन आले. ते खुशीत होते. लेकीचं प्रदर्शन आहे, एवढंच त्यांना माहीत होतं. मी आजीकडे बघितलं, तिने नजर चुकवली. म्हणजे सांगितलं नव्हतं.

चोवीस फोटो ओळीने लावले होते. बाबा एकेक बघत पुढे सरकले आणि शेवटच्या फोटोसमोर थांबले. खाली पाटी होती: बकुळा, डिलाईल रोड. माळ स्टुडिओची, पत्र्याची. बाबांनी ती वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. मग काचेवर बोट ठेवून पुतळ्या मोजू लागले. मी त्यांना अडवलं नाही.

"आई, या अकराच आहेत," ते म्हणाले. "तू तर अठरा विकल्यास."

"संप कुठं अकरात संपला?" आजी म्हणाली.

"मग पैसे कुठून आणलेस?"

आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "दादरला तीन बिल्डिंगचे जिने झाडायचे. संडास धुवायचे. पहाटे जायचे आणि तुला सांगायचे, रेशनच्या लायनीत होते. पगार झाला की म्हणायचे, पुतळी विकली. तुझा बाप झाडूचा पैसा घरात येऊ देत नव्हता रे. सोन्याचा येऊ दिला. त्यानं कधी फोटो मोजला नाय, म्हणून निभावलं."

बाबांचं निरोप समारंभातलं भाषण मला आठवलं. मॅडम जवळ येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला होता.

"मॅडम," बाबा वळून म्हणाले, "या पाटीवर आणखी दोन ओळी मावतील का?"

"नको रे," आजीने त्यांची बाही धरली. "झाडूचं नको लिहू. तुझ्या बापाचा नियम होता."

"नियम त्यांचा होता, आई. जेवत मी होतो," बाबा म्हणाले. "संघमित्रा, पेन्सिल काढ."