ओच्यातलं दोन शेराचं वजन

आगाशीच्या बाजारापासून आमची वाडी हाकेवर, पण त्या वर्षी मला तेवढं चालताना तीनदा बसावं लागायचं. एकदा तर मी बाजारातच केळ्यांच्या लोंगरावर बसले, तशी विकणारी ओरडली, "अगो ऊठ, विकायचीत ती!"

मुलगी वर्षाची होती. बाळंतपणानंतर अंगावरनं जायचं ते थांबेचना, म्हणून मुंबईच्या इस्पितळात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, पिशवीच्या तोंडाशी कॅन्सर आहे, विजेच्या यंत्राचा शेक द्यायचा. मी चौथी शिकलेली, मला काय समजणार, पण आमच्या ह्यांचं तोंड बघितलं आणि समजलं.

शेकाला जाऊन येऊन जाऊन येऊन करायचं, आणि दर सोमवारी वजन. "वजन उतरलं तर इथेच ठेवून घेईन," डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलगी माझ्याशिवाय झोपत नव्हती, आणि मला वाटायचं, इस्पितळात राहिलेली बाई काय परत येत नाही. शेकानंतर पेजसुद्धा पोटात ठरेना, वजन कसलं राहतंय!

सासूबाईंचं म्हणणं वेगळंच. "बसलं की थकवा अंगात मुरतो लोणच्यासारखा. चालती राहा." म्हणून मी विहिरीवर राहाटाच्या बैलामागून फेऱ्या घालायची. चार फेऱ्यांत छातीचा भाता. बैलाच्या डोळ्यांना झापडं होती म्हणून बरं, नाहीतर तोपण हसला असता.

पण वजनाची युक्ती सासूबाईंचीच. एका सोमवारी त्यांनी माझ्या ओच्यात सुकेळीच्या, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांच्या, दोन पुड्या खोचल्या. वजन बरोबर भरलं! येताना विरारला टांग्यात बसले आणि पुड्यांना लागलेल्या मुंग्या निघाल्या. मी टांग्यात अशी उड्या मारत होते की टांगेवाला म्हणाला, "बाईंना बरं वाटतंय वाटतं आता."

"गोड नको," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढच्या सोमवारी आमच्या ह्यांच्या तराजूचं, आधीच लपवून ठेवलेलं दोन शेराचं लोखंडी वजन ओच्यात बांधलं. इस्पितळाचा जिना चढताना माझा जीव कंठाशी आला.

डॉक्टर काट्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात. "वजन वाढतंय आणि दमपण वाढतोय? असं कसं?"

"आमच्याकडचं पाणीच तसं," सासूबाई बोलल्या.

"बरं, टेबलावर झोपा."

मी एक पाय वर टाकला, गाठ सुटली, आणि धाडकन ते वजन फरशीवर. घरंगळत गेलं ते थेट आमच्या ह्यांच्या चपलेपाशी.

"अरे, हे इथं होय!" हे म्हणाले. "मी चार दिवस शोधतोय!"

सिस्टर तोंड फिरवून हसत होती. मला रडूच फुटलं. म्हटलं, डॉक्टर, मला ठेवू नका, माझी पोर लहान आहे, मी आळस करणार नाही, रोज चालीन.

"आळस कुठला, बाई?" डॉक्टर म्हणाले. "तुमचं रक्त किती गेलंय! आत घेतलेला श्वास अंगभर पोचवतं ते रक्त. तेच उरलं नाही तर काळीज दुप्पट धावणार, धाप लागणारच. खाल्लेलं ठरत नाही. शेकाने आतलं भाजतं, ते भरून काढायला अंग राबतं. रात्री भीतीने झोप नाही. आणि वर हे लोखंड!"

"आणि विहिरीभोवती फेऱ्या?" मी विचारलं.

"त्या कुणी सांगितल्या?"

सासूबाई छताकडे बघायला लागल्या.

रक्त चढवल्याशिवाय शेक पुढे देता येत नाही म्हणाले, आणि ठेवून घेतलंच मला. रक्त आमच्या ह्यांचं जुळलं. सासूबाई म्हणाल्या, "आता घोरशील हो त्याच्यासारखी." पण त्याच माझ्या मुलीला घेऊन गिरगावात बहिणीकडे राहिल्या आणि रोज दुपारी खालच्या अंगणात येऊन उभ्या राहायच्या, मला खिडकीतनं दिसावी म्हणून. पहिले दिवस मला खिडकीपर्यंतपण जायला होईना, सिस्टर धरून न्यायची.

दुसऱ्यांदा रक्त चढवलं, त्यानंतरची गोष्ट. खिडकीत उभी होते. खाली पोरगी सासूबाईंच्या गळ्यात हात टाकून, तोंडाला तोंड लावून, मोठ्याने म्हणाली, "आई!"

मला? छे, सासूबाईंना! आणि त्या "ओ" देतात!

मी म्हटलं, हे काय! निघाले तशीच, जिन्यावरून ओरडत, "ती नव्हे गो, मी आई, मी!" आणि अंगणात जाऊन पोरीला हिसकावून घेतली. पोरगी भोकाड पसरतेय, सासूबाई म्हणतायत, "अगो, पडशील!" आणि माझ्या ध्यानात आलं, आख्खा जिना उतरून आले, पोर कडेवर आहे, आणि मी अजून तोंडाने भांडतेय. मध्ये कुठे बसलेच नाही.

मागनं सिस्टर आली, कमरेवर हात, धापा टाकत. तिला आधी बोलताच येईना.