अर्धवट राहिलेला चंद्र

अन्याय झाला तो सातवीतल्या एका मुलीवर, पाच वर्षांपूर्वीच्या विज्ञान दिनी, करोल बागेतल्या एका मराठी मंडळात. काल एका काउंटरवर टिंग अशी घंटी वाजली आणि तो हॉल, बटाटेवड्यांचा तो तेलकट वास, सगळं परत समोर आलं. ‘गोष्टीतून विज्ञान’ अशी स्पर्धा होती आणि नियम असा, की हिंदी शब्द आला की परीक्षकांनी घंटी वाजवायची आणि गुण कापायचा. दिल्लीतच वाढलेली ती पोरगी डोळे मोठे करून सांगत होती, “चंद्र सारखा पृथ्वीवर गिरतो...” टिंग! “पडतो,” परीक्षक म्हणाले. “पडतो, लेकिन इतका जोरात पळतो ना, की पृथ्वी दरवेळी बाजूलाच राहते...” टिंग! हॉल खदखदून हसला. चंद्र खाली का येत नाही, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं आणि लोक हसत होते! “बेटा, आधी मराठी शिक, मग चंद्रावर जा,” परीक्षक म्हणाले. त्यांच्या ‘बेटा’ला कुणी घंटी वाजवली नाही. मी प्रेक्षकांतून उठून ओरडले, “काका, तिला पूर्ण तरी करू द्या!” “बस गं, नियम म्हणजे नियम,” असं मला म्हणाले ते तिचेच वडील, तेही हसत. तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि गोष्ट तिथेच सोडून ती खाली उतरली. बक्षीस गेलं एका पाठ केलेल्या शुद्ध निबंधाला, जो कुणालाच कळला नव्हता. आज ती बारावीत आहे, विज्ञान सोडलंय, मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देते. तुमच्या मंडळात असा नियम असेल, तर येत्या बैठकीत उभे राहा, तो रद्द करून घ्या, आणि मूल सांगत असेल तेव्हा शेवटपर्यंत गप्प बसून ऐका.