परण्याची गाडी

सगळा उमरगा ज्यांना रेसर अप्पा म्हणायचा, त्या माझ्या चुलत्यांनी आपली गाडी कधी पळवली म्हणून नाही. लाल, दोनच सीटची, जमिनीला टेकलेली ती जुनी स्पोर्ट्स कार त्यांनी हैदराबादच्या एका हॉटेलवाल्याकडून हौसेनं घेतली. गावात आल्यापासून ती चालली ती बँडच्या मागे, माणसाच्या पावलानं.

आमच्याकडे लग्नाआधी नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला वाजतगाजत नेतात, त्याला परण्या म्हणतात. प्रत्येक नवरदेवाला घोड्याऐवजी अप्पांची गाडी हवी असायची आणि अप्पांना कुणाला नाही म्हणताच यायचं नाही. भाडं घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. "नवरदेवाकडून पैसे घेऊ व्हय? पोरं नाव काढत्यात, लई झालं," म्हणायचे. पोरं पुढं नाचत राहायची आणि हे क्लच अर्धा दाबून बसायचे. मारुतीपर्यंत जळका वास सुटायचा. लोकांना तो फटाक्यांचा वाटायचा.

मग क्लचप्लेट पुण्याहून मागवा, ती येईपर्यंत गाडी ताडपत्रीखाली ठेवा. गतिरोधकाला पोट घासून ऑइल गळायचं, रबरी पाइप वयानं तडकायचे. त्या मापाचे टायर सोलापुरातही मिळायचे नाहीत. एका जोडीत काकूंची दुभती म्हैस गेली. नाव काढणाऱ्यांपैकी एकानंही कधी डबाभर ऑइल आणून दिलं नाही. हार घालायला मात्र सगळे पुढं. मला आजही त्याचा संताप येतो.

काकू त्या गाडीत कधी बसल्या नव्हत्या. एक सीट अप्पांची, दुसरी नवरदेवाची. "एकदा बेंबळीला माहेरी न्या की हिच्यातनं," असं त्या म्हणाल्या की उत्तर ठरलेलं, "क्लच बसू दे, मग बघ कशी हाणतो."

गेल्या उन्हाळ्यात बेंबळीहून फोन आला, काकूंच्या वडिलांचं काही खरं नाही. काकू पिशवी भरून सकाळच्या एसटीला निघाल्या, तर अप्पांनी अडवलं. "एसटीनं कशाला रखडतीस? शब्द दिलाय, एवढा परण्या टेकवतो आन् आलोच. क्लच नवा हाय. एसटीच्या आधी पोचवतो."

काकू पिशवी मांडीवर घेऊन दारात बसल्या. इतक्या काळजीतही त्यांनी चांगलं लुगडं नेसलं होतं. दुपार टळल्यावर अप्पा आले ते गाडी ढकलत. मदतीला रस्त्यावरची दोन अनोळखी माणसं होती. वऱ्हाडी जेवायला बसले होते. काकू पिशवी उचलून स्टँडवर गेल्या. त्या बेंबळीला पोचल्या तेव्हा वडिलांच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

वडिलांचे दिवसकार्य झाले तरी काकू परतल्या नाहीत. अप्पांनी पुन्हा क्लच बसवला आणि मध्यस्थीसाठी मला सोबत घेतलं. येताना मी एसटीनं यायचं, असं ठरलं. हायवेवर त्यांनी ती गाडी पहिल्यांदाच पळवली. काय पळाली! ट्रक भराभर मागं पडत होते. पण अप्पांचा चेहरा उतरत चालला होता.

काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. गाडीकडं त्यांनी नीट पाहिलं. अप्पांना काही न विचारता मला म्हणाल्या, "किती येळ लागला रं?"

"तासभर," मी म्हणालो.

"तासाचीच वाट व्हती तर," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.