कानस मारलेली कळशी

तो दिवस आठवला की मला आधी स्वतःचा राग येतो आणि मग हायसे वाटते. खात्यात मी पुष्कळ साहेबांच्या हाताखाली काम केले, पण एका पितळी कळशीने मला जे शिकवले ते त्यांच्यापैकी कुणाला शिकवता आले नाही. नावे मी कुणाचीच देणार नाही. ज्यांची ही हकीकत आहे ते वाचून ओळखतीलच, बाकीच्यांना नावांची गरज नाही.

राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आमचा सीमेवरचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि जिल्ह्याबरोबर मीही गेलो. पुढे फौजदार म्हणून बंगलोरला बदली झाली. आमच्या ठाण्याच्या हद्दीत जयनगरचा काही भाग येई. तेव्हा ती वस्ती नवीच होती. रस्ते आखलेले, निम्मी घरे बांधून झालेली, कुंपणे अजून घालायची राहिलेली, आणि मागच्या अंगणातल्या नळापाशी बायकांनी घासून पालथी घातलेली भांडी. दोन महिन्यांत सहा घरांच्या मागल्या दारची पितळेची भांडी गेली. त्या काळी पितळ म्हणजे थट्टा नव्हती. घागर गेली की बाई माहेरचे माणूस गेल्यासारखी रडे.

भांड्यावर नाव घातलेले असते, त्यामुळे चोर आधी ते घासून टाकतो. म्हणून जुनी भांडी घेणाऱ्या व्यापाऱ्यांना मी तंबी दिली होती की, नाव घासलेले भांडे दुकानात आले आणि ठाण्याला कळवले नाही तर चोरीचा माल घेतला म्हणून तुम्हालाच आत घेईन.

आठवड्याभरात चिकपेठेतला एक व्यापारी स्वतःच ठाण्यात आला. म्हणाला, एक बाई दर महिन्याला दहा तारखेच्या आत एक भांडे घेऊन येते. मराठी वळणाची साडी, कानडी मोडके. प्रत्येक भांड्यावरचे नाव कानशीने घासलेले, आणि तेही इतके सफाईने की घासल्यावर पॉलिश केलेले. मी मनात म्हटले, सराईत हात आहे.

साध्या कपड्यातला एक शिपाई दुकानात बसवला. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बाई कळशी घेऊन आली आणि शिपायाने तिला कळशीसकट ठाण्यात आणले. तिशीच्या आतबाहेरची, धुवट सुती नऊवारी, हातात काचेच्या बांगड्या, गळ्यात काळी पोत. व्यापाऱ्याकडे न विकलेली आणखी दोन भांडी पडून होती, तीही मागवली.

आमचे हेड कॉन्स्टेबल जुन्या म्हैसुरातले, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी कानडीत विचारपूस सुरू केली. बाई मोडक्या कानडीत का होईना, उत्तरे देत होती. त्यांना अण्णा म्हणत होती. भांडी माझी आहेत, घरची आहेत, नवरा सरकारी कारखान्यात फिटर आहे, इतके तिने सांगितले. मला वाटले, बिचारीला भाषेची अडचण होते आहे. म्हणून मी पुढे झालो आणि मराठीत म्हटले, “बाई, घाबरू नका. मी मराठीच आहे. काय असेल ते सांगा.”

तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि तोंड मिटले ते मिटलेच.

भांडी कुठून आली? उत्तर नाही. नाव का घासले? उत्तर नाही. कानस कुणी मारली, असे विचारले तेव्हा तर तिचा चेहरा पांढराफटक पडला. कानडीत बोलणारी बाई मराठी ऐकून गप्प होते, याचा मी सरळ अर्थ लावला. चोराच्या मनात चांदणे. आपल्या भाषेतल्या माणसापुढे खोटे बोलणे जड जाते, असे तत्त्वज्ञानही मी हेड कॉन्स्टेबलना ऐकवले. त्यांनी नुसती मान हलवली. ती होकाराची होती की नव्हती, हे मला आजतागायत कळलेले नाही.

बाई मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे सारखी बघत होती. कारण मला ठाऊक होते. अटक दाखवायची तर नवऱ्याला कळवावे लागणार, आणि तो कारखान्यात. म्हणजे फोन कारखान्याच्या फाटकावरच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे जाणार. सरकारी कारखान्यात कुणासाठी पोलिसांचा फोन आला की त्या माणसाच्या नावापुढे खूण होते. निदान चौकशी, नाहीतर निलंबन. पुढे तो निर्दोष ठरला तरी खूण पुसायला वर्ष जाते. बाईलाही हे पक्के माहीत होते. दोन वाजेपर्यंत तोंड उघडले नाही तर फोन करीन, असे मी तिला बजावले.

दीड वाजला. मी टेबलावरची कळशी उगाच उचलून बघत होतो. पोचे आहेत का म्हणून हात आत घातला आणि अंगठा गळ्याखालून फिरवला, तर आत बारीक बारीक खर लागली. रव्यावरून बोट फिरवल्यासारखी. बाहेरून तर कळशी गुळगुळीत होती.

भांड्यावर नाव घालणारा अणकुचीदार खिळ्याने ठिपका ठिपका ठोकतो. ठिपका बाहेरून खोल जातो, तसा आतून वर येतो. बाहेर कितीही कानस मारा, आतला उंचवटा तसाच राहतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते मी सकाळपासून अक्षरशः करत होतो.

टाइपरायटरचा पातळ कागद आत धरला, वरून पेन्सिल आडवी घासली. अक्षरे उमटली, पण उलटी. कागद पालथा करून खिडकीच्या काचेवर धरला तेव्हा ती सुलटी झाली. देवनागरी. ‘थोरल्या मावशीकडून.’ दुसऱ्या भांड्यात मामांचे नाव आणि गाव निघाले. तिसऱ्यात लग्नाची तारीख, आणि पुढचे पुसट.

कागद मी खणात टाकले आणि बाईपुढे कोरा कागद ठेवला. म्हटले, “या तीन भांड्यांवर काय लिहिले होते, तेवढे लिहा. बोलू नका.”

तिने पेन्सिल उचलून कागद जवळ ओढला. मग तिने लिहिले. मावशी, मामा, तारीख, आणि मला न लागलेले पुसट नावही. ते तिच्या शाळेतल्या बाईंचे होते. सगळे लग्नातले आहेर. चोरीच्या यादीतल्या सहा घरांपैकी एकही घर मराठी नव्हते, हे माझ्या लक्षात तेव्हा आले. मी खुर्चीत मागे टेकलो. फोन केला नव्हता, एवढेच डोक्यात घुमत होते.

“मग सकाळी का नाही सांगितलेत?” मी विचारले.

“तुम्ही मराठी निघालात म्हणून,” ती म्हणाली. “गावात आपली माणसं मोजकी. गणपतीत सगळी एकत्र येतात. त्यात माझी मावससासू आहे, मामांची मेहुणी आहे. अण्णांनी कानडीत नोंद केली असती तर ती इथंच राहिली असती. तुमच्या घरी गेली की हळदीकुंकवात पोचणार. आहेर बाजारात मांडला म्हणून.”

मग तिने सगळे सांगितले, तेही मान वर करून. नवरा नाकासमोर चालणारा, पण भिडस्त. कारखान्यातल्या एका सोबत्याला व्याजाने पैसे हवे होते, हा त्याला जामीन राहिला. सोबती नोकरी सोडून परागंदा झाला. तेव्हापासून पगाराच्या दिवशी सावकार कारखान्याच्या फाटकावर उभा राहू लागला. निम्मा पगार व्याजात जाई आणि मुद्दल तसेच राही.

“यांनी चार महिने घरी सांगितलं नाही,” ती म्हणाली. “कळलं त्या दिवशी मी मिसळणाचा डबा रिकामा केला. सात वाट्या. पगार आला की सात भाग. भाडं, रेशन, रॉकेल, शाळा, सासूबाईंची मनिऑर्डर, सावकाराचं व्याज, सावकाराचं मुद्दल. आठवी वाटीच नाही, म्हणून आठवा खर्च नाही.”

दोन खोल्यांचे घर सोडून ती मंडळी एका बंगल्यामागच्या आउटहाउसमध्ये आली होती. नवरा कारखान्याची बस सोडून सायकलने जाऊ लागला. कॉफी बंद. सणाला गोड म्हणून गुळाची पोळी, तीही एकदा. तरी मुद्दलाची वाटी दर महिन्याला स्वल्प कमी पडे. स्वल्प, म्हणजे थोडे, हा शब्द तिने इथल्या कानडीतलाच वापरला. तेवढे भरायला महिन्याला एक भांडे निघे. नाव घासायचे काम नवरा रविवारी करी. फिटरच तो, त्याला ओबडधोबड काम जमतच नव्हते. बाई कानशीच्या प्रश्नाला का गप्प बसली, ते तेव्हा उलगडले.

“भाव काय मिळाला?” मी सहज विचारले. तिने आकडा सांगितला आणि हेड कॉन्स्टेबल पहिल्यांदाच खुर्चीतून उठले. मोडीच्या पितळेचा जो भाव, त्याच्या निम्मा. व्यापाऱ्याला परत बोलावले. तो तोंड लपवत म्हणाला, नाव घासलेले म्हणजे चोरीचे असणार, आणि चोरीच्या मालाला कोण पुरा भाव देतो?

म्हणजे अब्रू वाचवायला नाव घासायचे, आणि नाव घासले म्हणून चोराच्या भावाने विकायचे! पाच महिने ही दोघे रविवारी जागची न हलता स्वतःचेच नुकसान पॉलिश करत होती. मला हसू आले आणि वाईटही वाटले. बाईचा चेहरा मात्र हिशेब लागल्यासारखा झाला. मुद्दलाची ती वाटी दर महिन्याला का भरत नव्हती, ते तिला कळले होते.

चोरीचे वाटत असूनही पाच महिने माल घेतलास आणि मी दम दिल्यावर आलास, एवढीच आठवण मी व्यापाऱ्याला करून दिली. त्याने पाचही भांड्यांचा फरक तिथेच मोजून दिला. कळशीला पुरा भाव दिला. सावकाराला मी गाठतो म्हटले, तर बाईने साफ नकार दिला. पोलीस फाटकावर दिसले की सगळी झाकली मूठ उघडी पडेल, हे तिचे म्हणणे बरोबर होते. मग मी एकच सांगितले. दिलेली प्रत्येक रक्कम कर्जाच्या वचनचिठ्ठीच्या पाठीवर सावकाराच्या हातून लिहून घ्या, त्याखाली त्याची सही घ्या, आणि चिठ्ठीची नक्कल आपल्याकडे ठेवा. पुढची भांडी नावासकट विका, असेही म्हटले. ती म्हणाली, “आता विकायला लागणारच नाहीत, हा फरक मिळाला ना.” जीपने सोडतो म्हटले, तेही नको. साडेतीनला ती चालत निघाली, नवरा यायच्या आत घरी पोचायचे होते.

खरे चोर दोन महिन्यांनी दुसऱ्याच हद्दीत सापडले.

या तपासाने मला एक गोष्ट शिकवली. गुन्हा करणारा माणूस आणि लाजलेला माणूस ठाण्यात आले की हुबेहूब सारखे दिसतात. दोघेही खाली बघतात, दोघेही घड्याळाकडे बघतात, ओळखीचा माणूस दिसला की दोघेही गप्प होतात. मला ओळखता येते, या घमेंडीत मी एका घराची पाच महिन्यांची तपश्चर्या एका फोनने बुडवणार होतो. त्यानंतर मी नव्या फौजदारांना सांगत असे, की माणूस गप्प बसला तर तो कुणापासून लपवतो आहे ते आधी शोधा. पुष्कळदा ते पोलीस नसतातच.

वर्षभराने, पगाराच्या दिवशी संध्याकाळी, एक अनोळखी माणूस सायकल ठाण्याबाहेर लावून आत आला. घामाघूम झाला होता. हेड कॉन्स्टेबलनी सवयीने डायरी उघडली आणि विचारले, तक्रार काय? त्याने खिशातून वचनचिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. पाठीवर सगळ्या रकमा, खाली सही, शेवटी ‘पूर्ण फेड’. तो त्या बाईचा नवरा होता; त्या दिवसाची हकीकत तिने त्याला सांगितली होती. त्याला मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

“तक्रार काही नाही, साहेब,” तो म्हणाला. “आत्ताच फाटकावर संपलं. घरी जाऊन तिला सांगायचंय. पण घर अजून दोन मैल आहे, आणि तेवढा वेळ मनात धरवेना. म्हणून इथं थांबलो.”

आम्ही त्याला पाणी दिले. हेड कॉन्स्टेबलनी डायरी मिटली आणि ते म्हणाले, “सरी, झालं तर मग, आता लवकर घरी जा.” तो गेला. सायकलची घंटी रस्ता रिकामा असूनही तो वाजवत होता, ती कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होती.