उलट रोवलेल्या दोन पाट्या

थोरलीनं माझं ऐकलं असेल, ही धास्ती काही केल्या जात नाही.

ती भात संशोधन केंद्रात काम करते. खताच्या कमी-जास्त मात्रा दिलेल्या वाफ्यांत वाकायचं, भाताच्या प्रत्येक चुडाच्या, म्हणजे रोपांच्या झुबक्याच्या, बुंध्याशी बसलेले तुडतुडे मोजायचे, वहीत लिहायचे. पाच वर्षं हेच. कंबर कामातून गेली. सुट्टीला आली की धाकटा चिडवतो, "ताई, किती किडे मोजलेस गं?"

"तुला धरून चारशे एक," म्हणते, आणि जेवता जेवता पेंगते.

तिनंच मला समजावलं होतं, "आई, युरिया जास्त पडला की भात कसा गर्द हिरवा दिसतो, लोक खूश. पण त्याचा दांडा रसाळ, लुसलुशीत. किड्यांची चंगळच! बेतानं दिलेल्या वाफ्यात शेवटी दाणा जास्त भरतो."

परवा तिचा फोन आला. मागे वाऱ्यानं दोन वाफ्यांच्या, खताची मात्रा लिहिलेल्या पाट्या पडल्या होत्या. थकलेली होती, नकाशा न बघता आठवणीनंच रोवल्या, आणि नेमक्या उलट. युरियाचा दुसरा हप्ता पाट्या बघून पडला. आता कमी खताचा म्हणून वहीत असलेल्या वाफ्यात तुडतुडे नुसते बुजबुजलेत.

"केंद्रातल्या मॅडमना सांगितलं तर दोन्ही वाफे बाद होतील. माझ्या नोकरीची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. काय करू?"

मी म्हणाले, "गप्प बस. एवढ्याशा दोन वाफ्यांनी काय बिघडणार आहे?"

ती "बरं" म्हणाली. लहानपणी अंगात कणकण असताना शाळेत जा म्हटलं की असंच म्हणायची.

ते आकडे पुढे गेले, तर त्यांच्या भरवशावर कुणीतरी कुणाला सांगेल, घाला बिनधास्त युरिया, किडीचा आणि त्याचा काय संबंध! पाच वर्षं कंबर मोडून तिनं याच्या नेमकं उलट मोजलंय. मला फक्त तिची नोकरी दिसली.

वही आज दुपारी मॅडमकडे जायची आहे. पहाटे साडेपाचला ती बांधावर असते, म्हणून पाचलाच फोन करीन. चिडेल. "मग परवा का नाही बोललीस?" म्हणेल. म्हणू दे. माझं चुकलं, असं आधी सांगेन. मग म्हणेन, वही देण्याआधी मॅडमना सगळं सांग.