पडद्यावरचा चेहरा

चारुता पाटणकर नागपूरची नर्स. लग्न होऊन अमेरिकेत पिस्कॅटवेला आली आणि व्हिसाच्या नियमापायी नऊ वर्षं घरात बसली. ग्रीन कार्ड हाती येताच पुन्हा परीक्षा दिल्या आणि एका क्लिनिकमध्ये एचआयव्हीच्या पेशंटांचं काम धरलं. त्यातूनच ती जवळच्याच आयसेलिनच्या एका छोट्या संस्थेत गेली. ही संस्था आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एचआयव्ही असलेल्या मुलांच्या घरांना मदत करायची. दर शनिवारी सकाळी चारुता तिथल्या आरोग्यसेविकेशी, एस्तेरशी, व्हिडिओ कॉलवर बोलायची. कुणाच्या गोळ्या चुकल्या, कोण शाळेत येईनासं झालं, सगळं तिला तोंडपाठ असे.

गेल्या वर्षी संस्थेच्या देणग्या गोळा करायच्या डिनरला मोठ्या पडद्यावर अकरा वर्षांच्या एका मुलीचा फोटो झळकला. खाली नाव, गाव आणि आजार. एस्तेरने तो फक्त फाइलसाठी पाठवला होता. चारुताने ताट बाजूला सारलं आणि अध्यक्ष रवींद्र गोखल्यांना गाठलं.

“फोटो आत्ताच्या आत्ता काढा.”

“सीन करू नकोस. डोनरला चेहरा लागतो,” ते हसत म्हणाले. “मलावीतलं कोण बघतंय इथे?”

“तुमच्या नातीचा मेडिकल रिपोर्ट लावाल असा?”

त्यांचं हसू मावळलं. ते पाठ फिरवून दुसऱ्या टेबलाकडे गेले. चारुताने सरळ प्रोजेक्टरची वायर उपटली. तिच्या बाजूने कुणी उठलं नाही, नवरासुद्धा नाही. दुसऱ्याच दिवशी ईमेल करून तिला कमिटीतून काढलं.

फोटो मात्र संस्थेच्या फेसबुक पेजवर आधीच चढला होता. तीन आठवड्यांनी एस्तेरने कळवलं, की कुणीतरी तो गावात फिरवला. वर्गातल्या मुली त्या पोरीशेजारी बसेनात. आजीने तिला शाळेतून काढून मामाकडे पाठवलं.

चारुता पेटून उठली. तिने एकेका डोनरला घडलेलं सगळं लिहिलं. फोटो उतरला, पण बरेच डोनरही गेले. बाकीच्या मुलांच्या तोंडचा घास तू काढलास, असं ओळखीची माणसं तिला तोंडावर सुनावू लागली. ते तिला लागायचं, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. तिने एस्तेरच्या मदतीने मुलीच्या गोळ्यांची सोय मामाच्या गावी लावली. बाकीच्यांसाठी ती अजून देणग्या मागत दारोदार फिरते.

दिवाळीत रवींद्र मिठाईचा डबा घेऊन दारात आले. माफ कर, झालं गेलं विसरू या, म्हणाले.

“माझी माफी कशाला मागता? त्या मुलीच्या आजीला फोन लावते, तिच्याशी बोला. एस्तेर भाषांतर करेल.”

त्यांनी घड्याळ पाहिलं, डबा पायरीवर ठेवला आणि गाडीकडे चालू लागले. चारुताने डबा उचलून त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर नेऊन ठेवला आणि दार लावून घेतलं. मुलगी अजून शाळेत परतलेली नाही.