मंगळवारच्या गाडीने गेलेली बातमी

आमच्या गावाचे वार्ताहर म्हणजे आमचे शेजारचे काका. माझं किराणा दुकान, पेपरही मीच विकतो. साप्ताहिक शुक्रवारी यायचं, पण बातम्यांचं पाकीट मंगळवारच्याच गाडीने शहरात जायचं. त्यामुळे बुधवार-गुरुवारी व्हायच्या गोष्टी काका मंगळवारीच 'झाल्या' म्हणून लिहून मोकळे! एकदा 'मुख्याध्यापकांच्या भाषणाने श्रोते भारावून गेले' असं पाठवलं, आणि मुख्याध्यापकांना सणकून ताप भरला. तरी बिचारे शाल गुंडाळून आले, कुडकुडत बोलले, आणि आम्हीही निमूटपणे भारावलो. पेपर खोटा पडू नये म्हणून गाव असं सांभाळून घ्यायचं.

मला मात्र या प्रकाराची चीड होती.

"काका, आधी घडू तरी द्या!"

"घडल्यावर लिहिलं तर शिळं होतं रे," ते म्हणायचे.

मग काकूंच्या पोटातली गाठ काढायचं ठरलं. ऑपरेशन बुधवारी. आदल्या दिवशी दोघं त्याच गाडीने निघणार होती. काका नेहमीसारखे माझ्या दुकानात लिहीत बसले होते, काकू पिशवी घेऊन शेजारी उभ्या.

"अहो, साऱ्या जगाचं सुखरूप पार पाडता," काकू म्हणाल्या, "माझंही पाडा की."

काकांनी घरचं कधीच छापलं नव्हतं. त्यांनी नवा कागद ओढला. मग लिहिलं, 'आमच्या वार्ताहरांच्या पत्नीवरील शस्त्रक्रिया यशस्वी झाली असून त्या सुखरूप घरी परतल्या आहेत.'

काकूंनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला. "आता तर मला यावंच लागेल," म्हणत हसल्या.

गुरुवारी दुपारी त्या गेल्या. सगळ्या गावाने इतकी वर्षं काकांचा शब्द राखला, एकट्या काकूंना तो राखता आला नाही. शुक्रवारी सकाळी त्यांना घरी आणलं, आणि तासाभराने पेपरचा गठ्ठा आला. ती ओळ त्यात छापून आली होती. मी गठ्ठा तांदळाच्या पोत्यामागे दडपला.

दोन दिवसांनी काका दुकानात आले.

"गठ्ठा कुठाय?"

"आलाच नाही या वेळी."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. वाटून टाक."

"काका, लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. तिने स्वतः वाचून पसंत केलेली बातमी आहे ती."

मी पेपर वाटले. लोकांनी ते नेहमीसारखेच घरी नेले.

मंगळवारी काका दुरुस्ती लिहायला बसले. घडून गेलेलं ते पहिल्यांदाच लिहीत होते. सगळ्या मिळून चार ओळी, पण हात चालेना. बाहेर गाडीने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. ड्रायव्हरला सगळं ठाऊक होतं, तो बिचारा इंजिन बंद करून थांबला.

"जाऊ दे त्याला," काका म्हणाले. "मला वेळ लागेल."